पद्धत चुकत नाही

"द मेथड नेव्हर फेल्स," फादर म्हणाले. "पीपल फेल."

माइक माझ्या हातात होता. फादर इंग्रजीत एक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि मी ते मराठीत सांगायची. सकाळपासून हेच चाललं होतं. मी सांगितलं, "पद्धत कधी चुकत नाही. माणसं चुकतात."

मग त्यांनी हात लांब केला. माझ्या पोटाकडं. पाचवा महिना सरत आला होता, पदराखाली लपत नव्हतं. "अँड हिअर इज द प्रूफ." असं म्हणून हसले. दुष्टपणाचं हसणं नव्हतं ते. मास्तरनं आवडत्या पोराला चारचौघांत चिडवावं, तसं होतं.

मी माइक तोंडाशी नेला आणि सांगितलं, "आणि हा बघा पुरावा."

माझ्या तोंडानं. माझ्याच पोटाबद्दल. अख्खा हॉल हसला.

कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर जानेवारीत लग्नाआधीचं शिबिर असतं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की लग्नं लागत नाहीत, म्हणून ठरलेल्या सगळ्या जोड्या त्याआधीच बसवतात. शिबिर केल्याशिवाय लग्न नाही. पुढच्या बाकांवर होणाऱ्या नवऱ्या, शेजारी त्यांचे होणारे नवरे, मागं आया. सगळ्यांनी माझं पोट बघून घेतलं. शेवटच्या बाकावर आमचे हे होते, थोरल्या पोरीला घेऊन. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर असतात, पाळी संपवून तसेच आले होते. ते हसले नाहीत. पोरीची चांगली घातलेली वेणी सोडली आणि मान खाली घालून परत घालत बसले.

माझ्या जाण्यायेण्यातली एवढी माणसं तिथं होती, पण मला दिसली ती फक्त ती वेणी.

फादर बाहेरचे. किनारपट्टीकडचे, खूप शिकलेले, परदेशात जाऊन आलेले. आपलं घराणं किती पिढ्यांचं ख्रिस्ती आणि त्याआधी मूळचं कोण, हे जेवताना कुणी न विचारता सांगायचे. आमचं मूळ आम्हाला कधी सांगावं लागलं नाही. ते दुसरेच सांगायचे. गडहिंग्लजकडच्या एका गावाबाहेर आमची वस्ती. आजा मेलेली जनावरं ओढायचा. ते सोडून तो फादर लोकांच्या मागं गेला. गाव म्हणालं, बाटला. आजा म्हणायचा, "हितं मला खुर्ची देत्यात." एका खुर्चीसाठी माणूस देव बदलतो, असं ज्यांना वाटतं, त्यांना कधी कुणी जमिनीवर बसवलेलं नसतं.

आई सिस्टरांच्या बोर्डिंगात भांडी घासायची. तिथंच मी शिकले, तिथंच इंग्रजी आलं.

आम्ही सात भावंडं. निम्म्यांचे वाढदिवस जानेवारीत. त्याचं कारण सांगते. उपवासकाळात फादर सांगायचे, संयम पाळा. मुलाबाळांबद्दल विचारलं तरी सांगायचे, संयम पाळा. वस्तीतल्या बायकांनी दोन्ही एकत्र धरलं. त्यांना वाटायचं, ईस्टरच्या आधीचा तो काळ कडक पाळला की वर्षभराचं भागलं, चर्चनं सांगितलेली पद्धत ती हीच. मग पाळायच्या. नवऱ्याचं अंथरूण बाहेर सोप्यात. मटण बंद, नवरा बंद. आणि ईस्टर झाला की विश्वासानं दार उघडायच्या. म्हणून आमच्या वस्तीत जानेवारी आली की घरोघरी बाळंतिणी. स्नानसंस्काराला चर्चमध्ये रांग लागायची. त्या वेळचे फादर कौतुकानं म्हणायचे, ही पुनरुत्थानाची लेकरं. मीही त्यातलीच. बायकांना कुणी सांगितलं नाही की तुमचा घोळ होतोय. ते सांगायला त्यांच्याजवळ बसून तेवढं बोलावं लागलं असतं.

सातव्यानंतर आईचं अंग बाहेर यायला लागलं. जुन्या लुगड्याची घडी लावून ती कामाला जायची. घागर उचलताना एक हात खाली दाबून धरायची. मला वाटायचं, सगळ्याच आया तशा चालतात.

म्हणून मला पद्धत शिकवली तेव्हा मी हरखून गेले. खोटं कशाला बोलू. गोळ्या नाहीत, सुया नाहीत, नवऱ्याला आज नको म्हणायची सोय, आणि ते म्हणायला देवाचा आधार. एका सिस्टरनं नीट समजावलं. रोज पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरायचा. अंगावरच्या खुणा ओळखायच्या. त्यावरून मूल राहायचे दिवस कळतात, तेवढे दिवस लांब राहायचं. मला पटलं. मी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायची, त्याबरोबर लग्न ठरलेल्या पोरींना हेही सांगायला लागले. दोन लेकरं झाली, दोघांत अंतर राहिलं. शिबिरात आम्हाला आदर्श जोडपं म्हणून उभं करायचे. हे लाजून लाल व्हायचे.

दुसऱ्या बाळंतपणात मला दम लागला. सरकारी दवाखान्यात छाती तपासली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आकसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मूल नको. राहिलं तर जिवावर बेतेल."

आम्ही पद्धत आणखी घट्ट धरली. पण यांची कामाची पाळी आठवड्याला बदलते. नळाला पाणी पहाटे येतं, आणि ते काही थर्मामीटरसाठी थांबत नाही. त्यात पावसाळ्यात घरभर तापाची साथ. अंग रोजच गरम, त्यातलं कोणतं गरम कशाचं, ते काचेच्या कांडीला कसं कळणार. एवढंच झालं. याला फादर माणसं चुकली असं म्हणतात.

पाडायचं मनात आलं नाही असं नाही. नाही पाडलं. ते माझं मी ठरवलं. पण एक गोष्ट पक्की केली. पोट फाडूनच मूल काढायचं आहे, तर त्याच वेळी नळ्या बांधून घ्यायच्या. "पुढची खेप तुमचं हृदय ओढणार नाही," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात दोन लेकरं आणि हे तिसरं. मला जगायचं होतं. आणि मला हे चोरून करायचं नव्हतं. मी लोकांच्या पोरांना धर्म शिकवत होते. म्हणून त्या दिवशी शिबिरात फादरांना विचारायचं ठरवलं होतं. एवढा शिकलेला माणूस समजून घेईल, अशी आशा होती. आशा माणसाला काय काय करायला लावते.

पोटाचा पुरावा दाखवण्याआधी, सकाळच्या पहिल्या तासाला, फादरांनी ऊस घेतला होता. येताना रस्त्याकडेला उसाला तुरे आलेले बघितले, म्हणाले. बघा, निसर्गाचा हेतू कसा दिसतो. फूल कशासाठी, बीज कशासाठी. गडमुडशिंगीचा एक होणारा नवरा उठला. "फादर, तुरा आला की ऊस पोकळ पडतोय. वजन जातंय. आमी तुऱ्याआधीच तोड मागतोय." लोक हसले. मी ते इंग्रजीत सांगितलं. फादरही हसले, मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, निसर्ग म्हणजे ऊस आणि गवत नव्हे. माणसाला बुद्धी आहे. कोणती कृती कशासाठी आहे, हे बुद्धीला दिसतं, आणि बुद्धीला दिसतो तो नैसर्गिक नियम. त्याला बायबल वाचायची गरज नाही. ख्रिस्ती असायची गरज नाही. कुठल्याही माणसानं, कुठल्याही काळात, प्रामाणिकपणे विचार केला तर त्याला तो कळतो.

हे मी मन लावून सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मला फार आवडलं होतं ते. अडाणी माणसालाही कळणारा नियम. माझ्या आजाच्या आजालाही कळला असता, मेलेलं ढोर ओढता ओढता.

दुपारी फादरांच्या बंगल्यावर जेवण. टेबलाला दोघेच, शिबिराचे फादर आणि आमचे इथले म्हातारे फादर. मी वाढत होते. हे दारात रिकामी ताटं घ्यायला उभे. मी इंग्रजीत विचारलं. सगळं सांगितलं, झडप, डॉक्टरीणबाई, नळ्या.

फादरांनी घास थांबवला नाही, पण उत्तर नीट दिलं. गर्भाशयालाच रोग असता तर काढून टाकायला हरकत नव्हती, म्हणाले. पण तुझ्या नळ्या निरोगी आहेत. धोका नळ्यांत नाही, तो पुढच्या गर्भात आहे. आणि गर्भ आपोआप राहत नाही, तुम्ही दोघं ठरवून जे करता त्यातून राहतो. ते करू नका. निरोगी अवयव निकामी करणं म्हणजे त्या कृतीचा हेतूच मोडणं.

मला ते कळलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं, आम्हाला कळत नाही म्हणून आम्ही भांडतो. मला कडी न कडी कळली. कुठं काय जोडलंय ते दिसलं.

"फादर, शरीर एकच आहे ना," मी म्हणाले. "पाय सडला तर जीव वाचवायला पाय कापतात."

"पाय सडलेला असतो."

"मग आम्ही जन्मभर वेगळं राहायचं?"

"तसे राहिलेले पुष्कळ आहेत. देव बळ देतो."

"एकच खोली आहे, फादर. लेकरं, चूल, सगळं त्यातच. आणि बळ मिळेपर्यंत एकदा चूक झाली तर मी मरते."

"म्हणून तर संयम."

"मी विचार केलाय, फादर. खूप केलाय. प्रार्थना करून केलाय. माझ्या बुद्धीला हे पाप दिसत नाही."

तिथं त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडलं. आमच्या फादरांकडं वळले, डाळीचं भांडं पुढं ओढलं आणि म्हणाले, "देअर कन्सायन्स इज नॉट फॉर्म्ड येट. इट टेक्स जनरेशन्स."

मी समोर उभी. सकाळपासून त्यांचं इंग्रजी माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं. तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही की मला कळेल. किंवा आलं, आणि त्यांना काही वाटलं नाही. दुसरंच खरं असावं.

"काय म्हणाल्यात फादर?" ह्यांनी दारातून विचारलं.

बंगल्याबाहेर आल्यावर मी सांगितलं. "भलंबुरं वळकायची आक्कल आपल्याला अजून आल्याली न्हाय म्हणाल्यात. पिढ्या लागत्यात."

"कुणाला? तुला?"

"आपल्या लोकास्नी."

ह्यांनी बंगल्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "चल घराकडं."

"दुपारचा तास हाय अजून," मी म्हणाले.

का गेले मी परत? सवयीनं गेले. माइक धरायची सवय. बोलावलं की जायची सवय. आजाला खुर्ची मिळाली होती, त्या खुर्चीचं देणं तिसऱ्या पिढीलाही फेडावंसं वाटतं.

दुपारी फादरांनी सकाळचं थोडक्यात परत घेतलं. "दिस लॉ इज रिटन इन एव्हरी ह्यूमन हार्ट," म्हणाले आणि माझ्यासाठी थांबले.

मी बोलले नाही. त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. परत म्हणाले. मी माइक तोंडाशी धरला. माझा श्वास हॉलभर वाजत होता. मी त्यांच्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, "एव्हरी, फादर? ऑर डज इट टेक जनरेशन्स?" आणि मग हॉलकडं वळून मराठीत म्हणाले, "हा नियम प्रत्येक माणसाच्या काळजात लिहिलाय, असं फादर म्हणतात. जेवताना म्हणाले, आपल्या लोकांच्या काळजात अजून नाही. हे मी आता पुढं सांगणार नाही."

माइक टेबलावर ठेवला.

पुढं काय झालं म्हणाल, तर काही नाही. फादर क्षणभर लाल झाले, मग हळुवार आवाजात म्हणाले, ती थकली आहे, तिच्या अवस्थेत असं होतं, तिला बसू द्या. कुणीतरी खुर्ची आणली. खरंच खुर्ची आणली. मला धरून बसवलं, पाणी दिलं. इंग्रजी शाळेतली एक पोरगी उठली आणि तिनं माइक घेतला. तिनं ते वाक्य छान सांगितलं. आयांनी मान डोलावली. मी पाणी प्यायले आणि शेवटपर्यंत तिथंच बसून राहिले.

पुढच्या रविवारी माझा धर्मशिक्षणाचा वर्ग दुसरीकडं गेला. आराम कर, म्हणाले.

उपवासकाळ लागल्यावर आमचे म्हातारे फादर घरी आले. भला माणूस. खाटेच्या कडेला बसले, पोरीला चॉकलेट दिलं, इकडचं तिकडचं बोलले. मग मला हळूच म्हणाले, "कर तू ऑपरेशन. देवाला सगळं कळतं. मग पापनिवेदनाला ये. चुकले म्हण, मी क्षमा देईन. जास्त काही विचारणार नाही."

मला रडू आलं. त्यांना वाटलं, हलकं वाटलं म्हणून रडते आहे. डोक्यावर हात ठेवून गेले.

माझी आत्या इथंच राहते. तिला मी हे सांगितलं तर ती हसली. "आगं, समद्या तसंच करत्यात की. मी बी गेलतो. पवित्र आठवड्यात परगावचा फादर येतोय बघ पापनिवेदनाला, तेच्याकडं जायाचं. तेला आवाज वळकू येत न्हाय. चुकलो म्हणायचं, तीन प्रार्थना म्हणायच्या, की झाली मोकळी."

मग मला आठवलं. दरवर्षी ईस्टरआधीच्या त्या पवित्र आठवड्यात दोन रांगा असतात. आमच्या फादरांसमोर म्हातारे आणि पोरं. परगावच्या फादरांसमोर बायका. लांबलचक रांग, भिंतीकडेनं दारापर्यंत. मी इथं आले तेव्हापासून बघत होते आणि मला वाटायचं, परगावचे फादर जास्त पवित्र असतील.

ती सगळी रांग दवाखान्यातून आलेली होती. एकेकीनं आपापल्या घरात, कुणाला न विचारता, विचार केलेला. बुद्धी लावलेली. लेकरं मोजलेली, अंग ओळखलेलं, नवरा ओळखलेला. सगळ्यांच्या बुद्धीला एकच दिसलं होतं. आणि सगळ्या एकामागं एक त्याची माफी मागत उभ्या होत्या. कुठल्याही माणसानं विचार केला तर कळतो तो नियम, असं फादर म्हणाले होते. मग ह्या बायकांना कळलं ते काय होतं? ह्या माणसांत धरायच्या नाहीत का? मला त्या रांगेचा राग आला नाही. मला तिची लाज वाटली नाही.

यंदाच्या पवित्र आठवड्यात आत्यानं मला बळंच नेलं. रांगेत तिनं माझी जागा धरली होती. "ये, हितं हुबी ऱ्हा."

"माजं अजून ऑपरेशन झालं न्हाय, आत्या. करायच्या आधी माफी कशी मागू?"

"आधीच सांगून टाक," ती कानात म्हणाली. "टेबलावर काय इपरीत झालं तर? मागनं सांगाय कोण येणार? आधीच मोकळी हो."

असं आधी सांगून चालत नाही. मी धर्म शिकवत होते, मला माहीत आहे. आत्याला माहीत नाही. ती माझ्या जिवाच्या काळजीनं बोलत होती. आणि मी सांगते, मला भीती वाटली. मी देव सोडलेला नाही. नरक आहे, असं मी मानते. देव सोडला असता तर हे सगळं किती सोपं झालं असतं. मी आत्याच्या मागं उभी राहिले. रांग सरकली, मीही सरकले. पुढची बाई गुडघ्यावर बसली, काही पुटपुटली, उठली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. मला माझी आई दिसली. घागर उचलताना खाली हात दाबून धरणारी. तिनं जन्मभर सगळ्यांची माफी मागितली. आणि तिची कुणी मागितली?

मी रांगेतून बाहेर आले. आत्यानं हाक मारली नाही. मागची बाई पुढं सरकली आणि माझी जागा भरून गेली.

पुढच्या महिन्यात पोट फाडतील. झडप टिकेल का, हे डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. टिकली तरी बदलणार काही नाही. पुढच्या जानेवारीत हॉल भरेल, फादर येतील, ती पोरगी माइक धरेल. यंदा शिबिराला बसलेल्या नवऱ्या काही वर्षांनी गपचूप दवाखान्यात जातील आणि भिंतीकडेच्या रांगेत उभ्या राहतील. मी एकटी बाहेर पडल्यानं त्या रांगेला काही होत नाही.

ह्यांना सांगून ठेवलंय. मला शुद्ध आली नाही, तर फादरांना आणून माझ्या वतीनं क्षमा मागायची नाही. हे रडले. मग "बरं" म्हणाले. ते शब्दाला पक्के आहेत.

जगले तर दर रविवारी मिस्साला जाणार. पापाची माफी मागितल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही; तो घ्यायला सगळे उठतील, तेव्हा मी बाकावर बसून राहणार. गुडघे बाजूला घेऊन एकेकाला वाट देणार. सगळ्यांना दिसेल, मी का बसले आहे ते. आत्याला दिसेल. माझ्या पोरीला दिसेल, आणि ती मोठी झाली की विचारेल. तिला मी सांगणार आहे. पद्धत चुकली. मी चुकले नाही. हे कुणाचं भाषांतर नाही, माझं बोलणं आहे.